‘व्हिजिलन्स’ : एका शब्दाचा अभ्यास



वर्तमानपत्रात, सरकारी कचेरीच्या फलकावर, कायद्याच्या पुस्तकात आणि धम्मपदाच्या इंग्रजी भाषांतरातही एक शब्द आपल्याला भेटतो. तो शब्द म्हणजे ‘व्हिजिलन्स’. मराठीत कोणी त्याला दक्षता म्हणतात, कोणी जागरूकता, तर कोणी पाळत. हे तिन्ही अर्थ सारखे नाहीत. शब्द नीट न कळल्यास कायद्याने दिलेली सोयही कागदावरच राहते. म्हणून या शब्दाचा आपण क्रमाने अभ्यास करू.

शब्दाचे मूळ

लॅटिन भाषेत ‘व्हिजिल’ म्हणजे जागा असलेला. रोमन सैन्यात रात्रीचे चार भाग करीत आणि प्रत्येक भागाला ‘व्हिजिलिया’ म्हणत. आपल्याकडेही रात्रीचे चार प्रहर मानतात आणि ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ या शब्दावरूनच आला आहे. पहारा म्हणजे पाळीपाळीने जागणे, ही कल्पना दोन्हीकडे आहे.

इ. स. ६ मध्ये सम्राट ऑगस्टसने रोम शहरासाठी ‘व्हिजिलेस’ नावाच्या ७ तुकड्या उभारल्या. शहराचे १४ विभाग होते. एकेका तुकडीकडे दोन विभाग सोपविले होते. आग विझविणे व रात्री गस्त घालणे हे त्यांचे काम. या तुकड्यांत आरंभी मुख्यतः दास्यातून मुक्त झालेले लोक होते. त्यांपैकी ज्यांना पूर्ण नागरिकत्व मिळालेले नव्हते, त्यांना ६ वर्षांच्या चाकरीनंतर ते मिळावे, असा कायदा इ. स. २४ मध्ये झाला.

ही गोष्ट आपल्या इतिहासाशी ताडून पाहावी. गावगाड्यात वेशीचा पहारा वेसकराकडे, म्हणजे महार समाजाकडे होता. इंग्रज लेखकांनी त्याला ‘व्हिलेज वॉचमन’ म्हटले. तो वेस राखीत असे. पण त्याची वस्ती मात्र वेशीबाहेर. किती वर्षे राबल्यावर सुटका, हा प्रश्नच तेथे नव्हता, कारण ते काम वंशपरंपरेचे होते. ही वतनाची बेडी तोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने अखेर १९५८ च्या कायद्याने नष्ट झाली. जागणारा कोण आणि जागण्याचे फळ कोणाला, हा प्रश्न या शब्दाबरोबर नेहमी विचारला पाहिजे.

शब्दाचे उपयोग

पहिला शब्द ‘व्हिजिल’. इंग्रजीत हे नाम आहे. आजाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसणे, सणाच्या आदल्या रात्री प्रार्थनेसाठी जागणे, अन्यायाने मेलेल्या माणसासाठी मेणबत्त्या लावून शांतपणे उभे राहणे, या सर्वांना व्हिजिल म्हणतात. त्याच्याबरोबर ‘कीप’ हे क्रियापद येते : ‘टू कीप व्हिजिल’.

दुसरा शब्द ‘व्हिजिलन्ट’. हे विशेषण आहे. त्याचा अर्थ सावध, दक्ष. येथे रात्र असलीच पाहिजे असे नाही. दिवसाढवळ्या हिशेब तपासणारा कारकूनही व्हिजिलन्ट असू शकतो. ‘व्हिजिलन्स’ हे त्याचे भाववाचक नाम. केंद्र सरकारच्या कारभारातील भ्रष्टाचारास आळा घालण्यासाठी संथानम समितीच्या शिफारशीवरून १९६४ साली स्थापन झालेल्या आयोगाच्या नावात हाच शब्द आहे. मराठीत आपण त्याला केंद्रीय दक्षता आयोग म्हणतो.

तिसरा शब्द ‘सर्व्हेलन्स’. तो फ्रेंचमधून आला, तरी त्याचे मूळही हेच. फ्रेंच ‘सुर’ म्हणजे वरून. वरून नजर ठेवणे, अर्थात पाळत. व्हिजिलन्समध्ये माणूस स्वतः सावध असतो. सर्व्हेलन्समध्ये तो दुसऱ्यावर नजर ठेवतो. साथीच्या रोगांवर लक्ष ठेवण्यासही हाच शब्द वापरतात, म्हणून तो सदैव वाईटच असे नाही.

चौथा शब्द ‘व्हिजिलान्टी’. स्पॅनिशमध्ये याचा साधा अर्थ पहारेकरी. पण अमेरिकेत त्याला वेगळा अर्थ चिकटला. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८५१ व १८५६ साली नागरिकांनी ‘व्हिजिलन्स कमिट्या’ काढल्या आणि न्यायालयाला बाजूला सारून दोन्ही वेळा चार-चार माणसांना फाशी दिले. तेव्हा कायदा हातात घेणारा तो व्हिजिलान्टी. जमाव जमवून एखाद्याला मारहाण करणारे लोक स्वतःला दक्ष म्हणवून घेतात. त्यांना व्हिजिलन्ट म्हणणे ही भाषेची चूक आहेच, न्यायाचीही आहे.

कायद्यातील व्हिजिलन्स

आता मुख्य मुद्दा. वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्यात जिल्हा व उपविभाग या पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही तशीच आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याचे नियम १९९५ चे. त्यांतील १६ व्या नियमानुसार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य समिती असते व तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, व्हावयाची असते. १७ व्या नियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती असते. तिची बैठक दर तीन महिन्यांतून किमान एकदा झाली पाहिजे. पीडितांना साहाय्य व पुनर्वसन मिळाले काय, खटले कसे चालले आहेत, अधिकाऱ्यांनी आपले काम केले काय, हे तिने पाहावयाचे असते. तिच्यावर अनुसूचित जाती-जमातींचे बिनसरकारी सभासदही घेता येतात.

आपल्या जिल्ह्यात ही समिती आहे काय? तिची शेवटची बैठक कोणत्या तारखेला झाली? सभासद कोण आहेत? इतिवृत्तात काय लिहिले आहे? माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने हे प्रश्न कोणत्याही नागरिकाला लेखी विचारता येतात. समितीच्या नावात व्हिजिलन्स असल्याने समिती जागी राहत नाही. तिला जागे ठेवणारी माणसे बाहेर असावी लागतात.

धम्मातील शब्द

धम्मपदाचा दुसरा वर्ग अप्पमादवग्ग. त्यात १२ गाथा आहेत. ‘पमाद’ म्हणजे गाफीलपणा. त्याचा अभाव तो ‘अप्पमाद’. मॅक्स म्यूलरने त्याचे इंग्रजी ‘अर्नेस्टनेस’ असे केले, म्हणजे मनापासूनची तळमळ. पुढील काही भाषांतरकारांनी ‘हीडफुलनेस’ किंवा ‘व्हिजिलन्स’ हे शब्द घेतले. भगवान बुद्धांच्या अखेरच्या उपदेशातही अप्पमाद हाच शब्द आहे. ‘बुद्ध’ या शब्दाचा धातू ‘बुध्’, म्हणजे जागे होणे, जाणणे. येथे पहारा आहे तो प्रथम स्वतःच्या मनावर. जो स्वतः गाफील आहे, तो दुसऱ्यावर पाळत ठेवू शकेल. पण त्याला व्हिजिलन्ट म्हणता येणार नाही.

अभ्यासासाठी

खालील ठिकाणी कोणता इंग्रजी शब्द योग्य, ते सांगा.
१) आई तापाने फणफणलेल्या मुलाजवळ रात्रभर बसली.
२) जमावाने पोलिसांची वाट न पाहता संशयिताला मारले.
३) कार्यकर्त्याने बैठकीच्या तारखा नोंदवून ठेवल्या आणि एकही चुकू दिली नाही.
४) चौकातील कॅमेऱ्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवली जाते.

उत्तरे : १) व्हिजिल. २) व्हिजिलान्टी. ३) व्हिजिलन्ट. ४) सर्व्हेलन्स.

हा पाठ विहारातील अभ्यासवर्गात मोठ्याने वाचावा, आणि तिसऱ्या वाक्यातील काम आपल्या जिल्ह्यात कोण करील, ते त्याच बैठकीत ठरवावे.