परवलीचा शब्द न पाठविता ओळख पटविणारी तिकीट-पद्धती

सुरत शहरातील कतारगाम हा भाग हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या कारखान्यातील हिशेबनिसाचे उदाहरण घेऊ. मालाच्या नोंदी एका संगणकावर, तर पगारपत्रके दुसऱ्यावर, आणि दोन्ही तारांनी जोडलेले. प्रत्येक ठिकाणी त्याने परवलीचा शब्द पाठवावयाचा म्हटले, तर वाटेत तो टिपून घेणारा इसम हिशेबनिसाच्या नावाने नोंदींत फेरफार करू शकेल.

हा धोका टाळण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने १९८३ साली सुरू केलेल्या 'अथेना' प्रकल्पात 'केर्बेरॉस' ही पद्धती तयार झाली. ग्रीक पुराणांत पाताळाच्या दाराशी राखण करणाऱ्या त्रिमुखी श्वानाचे हे नाव होय. 'विंडोज २०००' या प्रणालीपासून अनेक कार्यालयांतही ती रूढ झाली.

या पद्धतीत एक मध्यवर्ती संगणक राखणदाराचे काम करतो. प्रत्येक कर्मचाऱ्याची व प्रत्येक सेवेची गुप्त किल्ली त्याच्यापाशी असते. हिशेबनीस सकाळी परवलीचा शब्द आपल्याच संगणकात भरतो; तो तारेवरून जात नाही. राखणदार मूळ तिकीट व एक तात्पुरती किल्ली पाठवितो. ही किल्ली ज्या कुलपात बंद असते, ते परवलीच्या शब्दावाचून उघडत नाही. पुढे पगारपत्रक पाहावयाचे झाल्यास मूळ तिकीट दाखवून त्या सेवेपुरते वेगळे तिकीट व नवी तात्पुरती किल्ली मिळते. हे तिकीट त्या सेवेच्या गुप्त किल्लीने मोहोरबंद असल्यामुळे त्यात खाडाखोड करता येत नाही.

नुसते तिकीट चोरूनही भागत नाही. त्यासोबत त्या क्षणाची वेळ तात्पुरत्या किल्लीने बंद करून पाठवावी लागते. दोन्हींकडील घड्याळांत सामान्यतः ५ मिनिटांहून अधिक अंतर आढळल्यास प्रवेश नाकारला जातो. शिवाय तिकिटाची मुदत बहुधा ८ ते १० तासांचीच असते.

तथापि यंत्राची राखण माणसाच्या दक्षतेवाचून अपुरी होय. परवलीचा शब्द सोपा असल्यास तो तर्काने ओळखता येतो. संगणक उघडा ठेवून उठल्यास आपले तिकीट दुसऱ्याच्या हाती जाते. मध्यवर्ती संगणकच परक्याच्या ताब्यात गेला, तर सर्वच किल्ल्या गेल्या असे समजावे. म्हणून त्याची खोली कुलूपबंद ठेवणे, सर्व संगणकांची घड्याळे जुळविणे आणि आपला परवलीचा शब्द सहकाऱ्यासही न सांगणे ही प्रत्येक कार्यालयाची व शाळेची नित्याची शिस्त असावयास हवी.