पक्ष काढणे सोपे, टिकवणे कठीण



शाळेतील प्रतिनिधींची निवडणूक झाल्यावर दहावीच्या एका मुलाने मला विचारले, "सर, मोठ्या पक्षात जायचे नसेल तर स्वतःचा पक्ष काढता येतो का?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यासारखा नव्हता. तासाभरात उत्तर पुरे झाले नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

कायद्याने पक्ष काढता येतो. किमान १०० मतदार सभासद हवेत, पक्षाची लेखी घटना हवी आणि स्थापनेपासून ३० दिवसांत निवडणूक आयोगाकडे अर्ज गेला पाहिजे. पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. ठरावीक मते किंवा जागा मिळाल्यावरच मान्यता मिळते, आणि राखीव निवडणूक चिन्ह मान्यताप्राप्त पक्षालाच मिळते. पराभूत उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत, तर त्याची अनामत रक्कम जप्त होते. मी हिंदी माध्यमात शिकलो. आमच्याकडे यालाच 'जमानत जब्त' म्हणत.

दुसरी अडचण गणिताची आहे. समजा, शाळेत दहा वर्ग आहेत व प्रत्येकात ४० मुले. एका गटाला प्रत्येक वर्गात १२ मते मिळाली, म्हणजे एकूण १२०. दुसऱ्या गटाला तीनच वर्गांत २५-२५ मते मिळाली, म्हणजे एकूण ७५. पहिल्या गटाचा एकही प्रतिनिधी निवडून येईलच असे नाही. दुसऱ्याचे तीन नक्की येतात. लहान पक्षाची मते विखुरलेली असली की ती मोजली जातात, पण जागा देत नाहीत.

आता इतिहासातील उदाहरण पाहू. आपल्या इंदूरजवळ महू येथे जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्याला घटनेचे शिल्पकार म्हणून माहीत आहेत. पक्ष उभारण्यासाठी त्यांनी वीस वर्षे केलेली खटपट पाठ्यपुस्तकात थोडक्यात आटोपते.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतात पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतले बहुतेक निवडून आले. कोकणातील खोती पद्धत बंद व्हावी म्हणून बाबासाहेबांनी विधेयक मांडले. १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आणला. आरंभ उत्तम होता. पण नाव सर्व मजुरांचे असले तरी इतर जातींचे मजूर मोठ्या संख्येने पक्षात आले नाहीत.

१९४२ मध्ये त्यांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन केले. १९४६ च्या प्रांतिक निवडणुकांत फेडरेशनला फार मोठा पराभव पत्करावा लागला. बाबासाहेबांना संविधान सभेत प्रथम जावे लागले ते बंगालमधून. पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते मुंबईत पराभूत झाले, १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातही. फेडरेशनला १९५२ मध्ये लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या. एवढ्या विद्वान नेत्याचीही ही स्थिती! समोर काँग्रेससारखा गावोगाव पोहोचलेला पक्ष होता.

तरीही ते थांबले नाहीत. सर्वांसाठी खुला असा रिपब्लिकन पक्ष काढण्याची योजना त्यांनी आखली. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालयही सुरू केले. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. भाषण कसे करावे, कायदे कसे वाचावेत, हे शिकलेली माणसे तयार झाल्याशिवाय पक्ष टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पण ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले आणि ते विद्यालयही फार काळ चालले नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. संस्थापक मात्र नव्हते. थोड्याच वर्षांत पक्षात गट पडले. १९९८ मध्ये गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि महाराष्ट्रातून पक्षाचे चार खासदार निवडून आले. १९९९ मध्ये तेच नेते पुन्हा वेगळे होऊन लढले. एकीचा लाभ डोळ्यांसमोर असूनही एकी टिकली नाही.

यावरून कोणता पक्ष चांगला, हे मला सांगायचे नाही. ते मतदार झाल्यावर तुम्ही ठरवाल. सांगायचे ते एवढेच की, नेता लोकांना एकत्र आणतो, पण त्याच्यामागे काम करणारी दुसरी फळी त्याच्या हयातीतच तयार व्हावी लागते. सभासदांची नोंद, पैशाचा चोख हिशेब, वेळेवर अंतर्गत निवडणुका आणि हरलेल्याने पक्षात राहून काम करणे, ही कंटाळवाणी वाटणारी कामेच पक्ष टिकवतात.

पालक व विश्वस्त मंडळींनीही याचा विचार करावा. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेत पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांचीच माणसे दिसतात. त्यांत मीही आलो.

स्वाध्याय : (१) नोंदणी व मान्यता यांतील फरक लिहा. (२) वर दिलेले शाळेचे उदाहरण घेऊन पहिल्या गटाला एक तरी जागा मिळण्यासाठी काय करता येईल, ते मांडा. (३) घरातील मोठ्यांना विचारा : त्यांच्या आठवणीतला कोणता लहान पक्ष आज दिसत नाही, आणि का?