मुखेभाताचं ताट

कोलकात्यात संसार थाटलेल्या आईबाबांनो, बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं की शेजारच्या काकीमा विचारणारच, "मुखेभात कधी?" आपल्या उष्टावणाचाच हा बंगाली थाट. मुहूर्त पंजिकेतून, म्हणजे बंगाली पंचांगातून काढायचा, मुलाला सम महिना, मुलीला विषम. डोक्यावर पांढरा टोपोर म्हणजे मुकुट, मामाच्या हातून पायेशचा, म्हणजे खिरीचा पहिला घास, आणि मग बाळापुढे ते ताट येतं. त्यात माती, पुस्तक, पेन, एखादा दागिना किंवा रुपया. पुस्तक-पेनाला हात घातला तर विद्या, रुपया धरला तर पैसा, माती मुठीत घेतली तर जमीनजुमला.

हा सोहळा जरूर करा. आपल्याकडेही पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतातच. बंगालमध्ये सहाव्या रात्री विधातापुरुष येऊन कपाळी लिहून जातो म्हणून दौत-लेखणी ठेवायची रीत. दोन्हीकडच्या आज्यांना घोर एकच, या जिवाचं पुढे कसं होईल? कितीतरी बाळं पहिला महिनाही ओलांडत नसत, त्या काळातून आलेला हा घोर आहे. मला त्याबद्दल आदर वाटतो.

माझा जीव धास्तावतो तो पुढच्या वर्षांसाठी. सहा महिन्यांचं मूल जवळ असेल, चकाकत असेल ते धरतं. त्याला काही सुचवायचं नसतं. पण घरातली माणसं ते विसरत नाहीत. "हिनं पेन सोडून रुपया उचलला होता, अभ्यासात कशी रमेल?" हे मुलगी चौथीत असताना, पाहुण्यांपुढे, तिच्यादेखत बोललं जातं. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागतं. पत्रिकेचंही तेच. माध्यमिक, म्हणजे इथली दहावी, जवळ आली की बौबाजारात सोनाराच्या दुकानी बसणाऱ्या ज्योतिषाला पत्रिका दाखवायची आणि पोराच्या बोटात पाचू नाहीतर पोवळं चढवायचं. आईबाबांना आपला भरवसा वाटत नाही, एवढंच त्या पोराला उमगतं.

पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते का, हे पुण्यात २००८ मध्ये नीट तपासून झालं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या, नावं झाकली आणि प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० दिल्या. कोणती पत्रिका कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के निघाली. नाणेफेक करूनही निम्मी उत्तरं बरोबर आली असती.

तेव्हा बाळानं ताटातलं काय उचललं ते कौतुकानं सगळ्यांना सांगा, फक्त त्याचा अर्थ मुलाच्या गळ्यात बांधू नका. गुण घसरले तर आधी त्याचे डोळे तपासून घ्या, झोप पुरते का बघा, कुठला धडा अडतोय ते त्याच्याशेजारी बसून विचारा. पाचूच्या किमतीत चांगल्या शिकवणीचे कितीतरी महिने निघतील. आजी अंगठीसाठी हट्ट धरून बसली तर मुलासमोर वाद घालू नका. त्यालाच विचारा, "तुला घालायची आहे का?" तो नको म्हणाला, तर आजीची समजूत तुम्ही काढा.