विचाराला वेळ किती लागतो?

चेंडू अंगावर आला की आपण तो 'तत्क्षणी' झेलतो, असे म्हणतो. पण हा 'तत्क्षण' केवढा? चेतातंतूंमधील संदेशाचा वेग मोजणे जवळजवळ अशक्य आहे, असे जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांचे मत होते. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८४९-५० मध्ये तो मोजून दाखविला!

त्यांनी बेडकाच्या पायाचा स्नायू व त्याला जोडलेला चेतातंतू घेतला. तंतूला विजेचा धक्का प्रथम स्नायूजवळ दिला, नंतर दूर. दुसऱ्या खेपेस स्नायू किंचित उशिरा आखडला. स्नायूला स्वतःला लागणारा वेळ दोन्ही खेपांना सारखाच. म्हणून वजाबाकीत तो निघून जातो. उरतो तो केवळ जादा अंतराचा वेळ. त्यावरून वेग आला सेकंदाला सुमारे २७ मीटर. ध्वनीच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी!

नेदरलँड्सच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६८ साली हीच वजाबाकी मनाच्या व्यापारांना लावली. ती तुम्हीही करून पाहा.

अर्ध्या मीटरची पट्टी मित्राला उभी धरावयास सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी अंगठा व तर्जनी न टेकवता ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी किती पडली ते पाहा. अशी दहा वाचने घेऊन सरासरी काढा. पडलेले अंतर = ½ × g × (काल)² हे सूत्र तुम्हांस ठाऊक आहेच. अंतर २० सेंटीमीटर आले, तर काल ०.२० सेकंद.

आता दोन्ही हातांपाशी एकेक पट्टी. मित्र कोणतीही एकच सोडील, तेवढीच पकडा. चुकीचा हात मिटला तर ते वाचन सोडून द्या. समजा, या वेळी सरासरी २८ सेंटीमीटर आली, म्हणजे ०.२४ सेकंद. जादा ०.०४ सेकंद कशाचे? डोळा तोच, हात तेच. जादा काम एकच : 'डावा की उजवा' हे ठरविणे!

मात्र एक सावधगिरी. दोन पट्ट्यांकडे पाहताना लक्षही विभागले जाते. तेव्हा सगळा फरक निवडीचाच, असे म्हणता येणार नाही. वजाबाकी करताना बाकीचे सारे खरोखर सारखे राहिले का, हा प्रश्न नेहमी विचारावा. आजही एमआरआय यंत्राने मेंदूचे कार्य अभ्यासताना शास्त्रज्ञ पुष्कळदा दोन कामांच्या वेळच्या प्रतिमांची वजाबाकी करतात, आणि त्यांनाही हाच प्रश्न सोडवावा लागतो.

जाता जाता एक हिशेब. ताशी ३६ किलोमीटर वेगाची स्कूटर ०.२० सेकंदात २ मीटर पुढे जाते. रस्त्यावर अवचित काही दिसले, तर ब्रेक लावण्यापूर्वीच एवढे अंतर संपलेले असते. वेग दुप्पट केला तर? उत्तर तुम्हीच काढा, आणि घरी स्कूटर चालविणाऱ्यांनाही सांगा.