क्षयरोग : लस बाळाला, तपासणी मोठ्यांना



ऊस विकास विभागाकडून या पानावर बहुधा लागण, खोडवा, खते आणि पाणी यांविषयीच लिहिले जाते. या वेळी विषय माणसांच्या रोगाचा आहे, पण तो आपल्या फडापासून दूरचा नाही.

गळीत हंगाम सुरू झाला की बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोड टोळ्या येतात. चार-पाच महिने शेताच्या कडेला कोप्या पडतात. त्या कोप्यांत तान्ही मुले असतात. काही तर हंगामातच जन्माला येतात. आपल्या घरी बाळ झाले की दवाखान्यातच त्याला बी.सी.जी. टोचली जाते. कोपीतल्या बाळाची लस मात्र राहून जाण्याचा धोका असतो. गावाकडे असते तर आशाताईंच्या यादीत त्याचे नाव आले असते. इकडे आई-बाप पहाटे फडात जातात, खाडा केला तर मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. मग लस "उद्या बघू" म्हणत मागे पडते.

रोग कसा पसरतो?

क्षय म्हणजे टी.बी. हा जंतूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी हा जंतू सापडल्याचे 24 मार्च 1882 रोजी जाहीर केले. हा रोग आनुवंशिक नाही, दैवाचा कोप नाही, आणि रोग्याच्या ताटात जेवल्याने होत नाही. फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेत उडतात आणि जवळच्या माणसाच्या श्वासातून आत जातात.

उसावरची काणी आपल्याला माहीत आहे. एका बेटाला चाबकासारखा काळा पट्टा फुटतो आणि वाऱ्याबरोबर त्याची भुकटी अख्ख्या प्लॉटवर जाते. उपचार न घेणारा क्षयरोगी असाच वर्षाला 10 ते 15 जणांपर्यंत जंतू पोहोचवू शकतो. फरक एवढाच की काणीचे बेट आपण उपटून जाळतो. माणूस मात्र औषधाने पुरता बरा होतो. म्हणून रोग्याला दूर लोटायचे नाही, औषधापर्यंत न्यायचे.

जंतू शिरला म्हणजे रोग झालाच असेही नाही. धडधाकट माणसांत 100 पैकी 5 ते 10 जणांनाच पुढे केव्हातरी रोग होतो. पण कुपोषण, मधुमेह, तंबाखू-विडी, दारू यांनी अंग पोखरले असेल तर धोका वाढतो. तान्ह्या बाळात तर तो फारच मोठा. बाळात जंतू फुप्फुसापुरता न थांबता रक्तातून सर्व अंगात पसरू शकतो किंवा मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. यातून मूल दगावते, किंवा वाचले तरी कायमचे अपंगत्व येऊ शकते.

लस कोठून आली, काय करते?

काल्मेत आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी गाईगुरांना होणाऱ्या क्षयाचा जंतू घेतला आणि 13 वर्षांत 230 वेळा पुन्हापुन्हा वाढवून तो निर्बळ केला. 1921 साली पॅरिसमध्ये ही लस प्रथम एका नवजात बाळाला दिली. त्या बाळाची आई क्षयाने गेली होती. आपल्या देशात 1948 साली ही लस टोचायला सुरुवात झाली. जुन्या सभासदांच्या दंडावर तिचा व्रण आजही दिसेल.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लस ही बेणे प्रक्रियेसारखी आहे. बेणे लागणीपूर्वी औषधात बुडवायचे असते. ऊस कांड्यावर आल्यावर बेणे प्रक्रिया करू म्हटले तर काय उपयोग? बी.सी.जी. जन्मल्याबरोबर द्यावी, राहिली असेल तर वर्षाच्या आत द्यावी. बाळाला मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते. मोठ्या माणसाच्या फुप्फुसाच्या क्षयाला मात्र तिचा भरवसा धरू नये. तमिळनाडूत चिंगलपेट भागात 1968 साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत हेच दिसून आले. तेव्हा "मला लहानपणी टोचले आहे, मला काय होतंय?" असे म्हणून खोकला अंगावर काढू नये.

लस डाव्या दंडावर टोचतात. काही आठवड्यांनी तेथे पुळी येते, फुटते आणि व्रण राहतो. हे ठीकच आहे. त्यावर हळद, चुना, मलम काही लावू नये. व्रण उठला नाही तरी पुन्हा टोचण्याची गरज नसते. काखेत मोठी गाठ आली तर डॉक्टरांना दाखवावे.

मोठ्यांनी काय करावे?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. साधारण क्षयाला 6 महिने रोज गोळ्या घ्याव्या लागतात. महिना-दीड महिन्यात खोकला थांबतो, भूक लागते, आणि येथेच माणूस फसतो. अर्धवट औषधाने उरलेला जंतू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो. नियमित औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच दुसऱ्याला लागण होण्याची भीती खूप कमी होते. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी सरकारकडून नोव्हेंबर 2024 पासून दरमहा 1000 रुपये बँक खात्यात मिळतात. रोग्याच्या घरातील माणसांनी, विशेषतः 5 वर्षांखालील मुलांनी, तपासणी करून प्रतिबंधक औषध घ्यावे. घरचे असो की शेजारचे, दूध उकळूनच प्यावे, कारण गुरांचा क्षय कच्च्या दुधातून येऊ शकतो.

सभासदांनी एवढे करावे

1. आपल्या प्लॉटवर तोड आली की मुकादमाला विचारावे, टोळीत वर्षाच्या आतली मुले किती? गरोदर बाया किती?

2. ती संख्या आशाताईंना किंवा उपकेंद्रातील सिस्टरना त्याच दिवशी कळवावी. लस कोठल्याही सरकारी केंद्रात मोफत मिळते, गाव कोणतेही असो.

3. बी.सी.जी.ची कुपी फोडली की 4 तासांत वापरावी लागते. म्हणून लसीकरणाच्या ठरलेल्या दिवशी टोळीतील सगळी मुले एकदम न्यावीत. जाण्यायेण्याला आपली गाडी द्यावी आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये, हे मुकादमाशी आधी बोलून घ्यावे.

4. बाळाचे लसीकरण कार्ड आईजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायला सांगावे. टोळी पुढच्या गटात गेली तरी पुढचे डोस त्यावरून देता येतात.

5. कोणाच्या गोळ्या गावाकडे सुरू असतील तर त्याची नोंद इकडच्या केंद्रात वर्ग करून घेता येते. हंगाम संपताना तशीच ती परत वर्ग करावी. रोग्याचे नाव चारचौघांत घेऊ नये आणि त्याला टोळीतून काढू देऊ नये.

एकरी उतारा वाढावा म्हणून आपण निरोगी बेणे लांबून आणतो, गाडीभाड्याचा विचार करत नाही. तो ऊस तोडून गाडीत भरणाऱ्या बाईचे मूल बांधावर झोळीत असते. त्याच्यासाठी एक अर्धा दिवस आणि गाडीची एक फेरी एवढाच खर्च आहे. या हंगामात आपल्या शेतावरून एकही बाळ लसीवाचून पुढे जाऊ नये, एवढे प्रत्येक सभासदाने मनावर घ्यावे, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी