संदर्भसूचीतली लेखकांची नावे: पैसे कुठे लागतात, कुठे नाही

प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली की बरेच विद्यार्थी संदर्भसूचीचे काम बाहेर देतात. पानामागे पैसे जातात, दुरुस्तीचे वेगळे जातात, आणि तरीही मार्गदर्शक सूचीवर लाल खुणा करून परत देतात: इथे आडनाव मागे गेले, तिथे वडिलांचे नावच आडनाव झाले. हा खर्च बहुतेकदा टाळता येतो. साधने फुकट आहेत. पैसे जातात ते नाव पहिल्यांदा चुकीच्या रकान्यात भरल्यामुळे.

संदर्भ सांभाळणारे झोटेरो मोफत आहे आणि त्यात संदर्भांच्या नोंदी कितीही ठेवता येतात. नोंदींना जोडलेल्या पीडीएफ झोटेरोच्या सर्व्हरवर ठेवायच्या असतील तर ३०० एमबीपर्यंत पैसे पडत नाहीत, २ जीबीला वर्षाला २० डॉलर पडतात. पीडीएफ आपल्याच संगणकावर ठेवल्या तर तेही वाचतात. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांसाठी जॅबरेफ पूर्ण मोफत. एंडनोट मात्र महाग आहे. ते हवेच असेल तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे परवाना आहे का, हे आधी विचारा. स्वतःच्या खिशातून ते घेण्याची मराठी संशोधकाला गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खरे काम नावांचे आहे. या प्रणालींमध्ये लेखकासाठी दोन रकाने असतात: एक आडनावाचा, दुसरा उरलेल्या नावाचा. आपल्याकडची स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही पद्धत त्यात नीट बसते, पण भरताना शिस्त हवी. आडनावाच्या रकान्यात फक्त ‘देशपांडे’, दुसऱ्यात ‘पुरुषोत्तम लक्ष्मण’. सगळे नाव एकाच ओळीत लिहिले की संगणक बहुधा शेवटची मोकळी जागा शोधतो आणि तिच्या पुढच्या शब्दाला आडनाव समजतो. म्हणून ‘पु. ल. देशपांडे’ बरोबर उतरते. ‘पु.ल.देशपांडे’ असे सलग टाइप केले तर ते अख्खेच आडनाव ठरते, आणि ‘देशपांडे पु. ल.’ असे स्वल्पविरामाशिवाय लिहिले तर आडनाव होते ‘ल.’!

लाटेकसोबत वापरल्या जाणाऱ्या बिबटेकमध्ये स्वल्पविराम एकदाच द्यायचा, आडनावानंतर. ‘देशपांडे, पुरुषोत्तम, लक्ष्मण’ असे दोन स्वल्पविराम पडले तर मधला शब्द ‘ज्युनिअर’सारखी उपाधी मानला जातो. दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी ‘अँड’ हाच शब्द लागतो. तिथे ‘आणि’ किंवा स्वल्पविराम चालत नाही. याच ‘अँड’मुळे संस्थांची इंग्रजी नावे फुटतात. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे नाव इंग्रजीत भरले की ‘साहित्य’पर्यंत एक लेखक आणि ‘संस्कृती’पासून दुसरा, अशी नोंद तयार होते. यावर उपाय सोपा आहे: संस्थेचे पूर्ण नाव दुहेरी महिरपी कंसात टाका. झोटेरोत अशा नावासाठी एकच रकाना निवडण्याची सोय आहे. ज्ञानेश्वर, तुकाराम, कुसुमाग्रज, ग्रेस यांनाही तोच एकेरी रकाना वापरा. त्यांना ओढूनताणून आडनाव चिकटवू नका.

टोपणनावांबाबत वाद होतात. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आले. लेखिका मालती बेडेकर, लग्नाआधीच्या बाळूताई खरे. सूचीत शीर्षकपानावर छापलेलेच नाव घ्यावे. खरे नाव द्यायचेच असेल तर ते टिपेत द्या, नाहीतर एकाच लेखिकेची पुस्तके सूचीत तीन ठिकाणी विखुरतात.

गोव्याच्या आणि मुंबईच्या इतिहासावर काम करणाऱ्यांना जोसे गर्सन दा कुन्हा भेटतातच. त्यांच्या आडनावात ‘दा’ येतो. तो धरून ‘द’खाली लावायचे की सोडून ‘क’खाली, हे प्रत्येक संदर्भशैली आपापले ठरवते. तुम्ही ‘दा’ आडनावासोबत ठेवा आणि क्रम शैलीवर सोडा. दक्षिणेकडची गोष्ट वेगळी. श्रीनिवास रामानुजन यांच्या नावातले ‘श्रीनिवास’ हे वडिलांचे नाव. ‘रामानुजन’ हे आडनाव नसून त्यांचे स्वतःचे नाव आहे. तरीही सूचीत ते ‘रामानुजन’खालीच शोधले जातात, म्हणून तेच आडनावाच्या रकान्यात जाते.

‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘श्रीमती’ कुठल्याच रकान्यात नकोत. शैली आद्याक्षरे काढते तेव्हा ‘डॉ.’चेही आद्याक्षर होऊन बसते.

डीओआय क्रमांक टाकला की झोटेरो नोंद आपोआप आणते, तेही फुकट. पण ती माहिती प्रकाशकाने भरलेली असते आणि भारतीय नावे तिथे उलटसुलट पडलेली आढळतात. तेव्हा प्रत्येक नोंद मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून पाहा. शेकडो नोंदी भरण्याआधी चार-पाच देवनागरी नावांची सूची छापून पाहा आणि तुमच्या शैलीत ती कशी उतरतात याची खात्री करा.

स्वतःच्या नावाचीही काळजी घ्या. ‘एस. पाटील’ किंवा ‘ए. कुलकर्णी’ एवढेच छापले तर त्या नावाच्या कितीतरी संशोधकांत तुमचे काम मिसळून जाते. पहिल्या लेखापासून पूर्ण नाव आणि इंग्रजीतले एकच स्पेलिंग ठेवा. संशोधकाची ओळख पटवणारा ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक मोफत मिळतो. लग्नानंतर नाव बदलले तर जुने नावही तिथे नोंदवता येते. हा क्रमांक काढून देण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

एवढे करूनही वेळ नाही म्हणून काम बाहेर द्यायचे असेल तर सौदा नीट ठरवा. दर पानावर नको, नोंदींवर ठरवा, आणि नाव-आडनावाच्या चुकांची दुरुस्ती त्याच दरात असेल असे लिहून घ्या. वर्डमधली छापील सूची घेऊन समाधान मानू नका. उद्या विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने वेगळी शैली मागितली तर ती सूची पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. झोटेरोतून किंवा बिबटेकमधून निघालेली मूळ माहितीची फाइल मागा, ती आपल्या संगणकावर उघडून दहा-वीस नावे तपासा, आणि मगच शेवटचे पैसे द्या.