परतीचं तिकीट उशिराचं काढा

हैदराबादहून बर्फात स्की करायला निघालेल्यांना मी आधी एकच गोष्ट विचारते: परतीचं विमान कधीचं आहे? बूट कुठले घेतले, गोवळकोंड्याच्या पायऱ्या चढायचा सराव किती झाला, हे सगळं नंतर. आपल्याकडचा माणूस संक्रांतीला किंवा प्रजासत्ताक दिनाला रजा जोडून पाच-सहा दिवस काढतो आणि बर्फानेही त्याच पाच-सहा दिवसांत नीट वागावं अशी अपेक्षा धरतो. धोका तिथूनच सुरू होतो.

आखलेल्या, यंत्राने दाबून घेतलेल्या उतारांबद्दल मी बोलत नाही. स्की-टूरिंगमध्ये स्कीच्या तळाला मागे घसरू न देणारी पट्टी चिकटवायची, टाच मोकळी ठेवायची आणि डोंगर आपल्याच पायांनी चढायचा. वर पोचलं की पट्टी काढायची, टाच अडकवायची आणि कोऱ्या बर्फावरून उतरायचं. आल्प्समध्ये हजारो लोक हे करतात. आपल्याकडे गुलमर्गला, अफरवतच्या अंगाखांद्यावरच्या मोकळ्या उतारांवर. तिथे बहुतेक ठिकाणी कुणी सुरुंग लावून सैल बर्फ आधी पाडून ठेवलेला नसतो.

गुलमर्गला आमच्या मित्रमंडळींबरोबर गेले होते, तेव्हा दोन दिवस सतत बर्फ पडला. मग लख्ख ऊन, गुडघाभर नवा बर्फ, आणि दुसऱ्याच दिवशी श्रीनगरहून विमान. आमच्या काश्मिरी गाईडने उताराच्या कडेला फावड्याने खड्डा खणला. कापलेल्या भिंतीत थर स्पष्ट दिसत होते. वर नव्या बर्फाचा घट्ट थर आणि त्याखाली जाड्या रव्यासारखे सुटे दाणे. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो, रात्री निरभ्र आणि कडक थंडीच्या असतात, तेव्हा असे दाणे तयार होतात आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहतात. वर माणसाचं वजन आलं की हा थर मोडतो आणि वरची अख्खी लादी सुटते. गाईडने एक चौकोनी ठोकळा मोकळा कापला, त्यावर फावडं ठेवून हाताने थापट्या मारल्या. ठोकळा त्या दाण्यांवरून सरकला. "आज नहीं, मॅडम," एवढंच म्हणून तो आम्हाला झाडीतल्या सौम्य उतारांकडे घेऊन गेला.

आमच्यातल्या एकाला हे अजिबात पटलं नाही. "अगं, वर्षभर पैसे साठवून आलोय आपण, आणि उद्या परत!" त्यातच दुपारी दुसरी एक टोळी त्याच उतारावरून ओरडत-हसत खाली आली. उतार जागचा हलला नाही. संध्याकाळभर खोलीत तोच विषय.

त्या टोळीचं सुखरूप उतरणं हीच मला त्या सहलीतली सगळ्यात घातक गोष्ट वाटते. कमकुवत थर सगळीकडे सारखा नसतो. वरची लादी जिथे जाड आहे तिथून एक जण निभावून जातो, दुसऱ्याचं वजन नेमकं पातळ जागी पडतं. पण खाली सुखरूप आलेल्याला वाटतं, आपला अंदाज बरोबर होता; आणि पुढच्या वेळी तो आणखी उभा उतार निवडतो. 1 फेब्रुवारी 2023 रोजी अफरवतवर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटूंचा जीव गेला. 22 फेब्रुवारी 2024 रोजी गुलमर्गमध्येच एका रशियन स्कीपटूचा. दोन्ही वेळा नुकताच भरपूर बर्फ पडून गेला होता, आणि ही माणसं बर्फाच्या देशांतून आलेली होती.

म्हणून सहलीत निदान दोन दिवस मोकळे ठेवा, ज्यांत काहीही ठरवलेलं नाही. मोठ्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला स्वच्छ दिवस उभ्या उतारांवर घालवू नका. लादी सुटते ती बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. मोबाइलमधल्या कोनमापकाने उतार मोजा आणि शंका असेल तर 30 अंशांच्या आतच राहा. मात्र डोक्यावर उभा उतार नाही ना, हेही बघा. उंचीची सवय व्हावी म्हणून पहिला दिवस गुलमर्गमध्येच काढा. आपण साडेपाचशे मीटरवर राहणारी माणसं, आणि गोंडोला (रोपवे) थोड्या वेळात चार हजार मीटरच्या जवळ नेऊन सोडतो.

आल्प्समध्ये माहिती भरपूर मिळते. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था हिवाळ्यात रोज हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी जाहीर करते, 1 ते 5. पाचपैकी तीन म्हणजे मध्यम, असं आपण परीक्षेच्या सवयीने वाचतो. पण तिथले जवळपास निम्मे मृत्यू पातळी 3 असतानाच होतात. आणि नुसती माहिती असून भागत नाही. एप्रिल 2018 च्या अखेरीस शामोनी ते झरमॅट या प्रसिद्ध वाटेवर वादळात सापडून सात जण गेले. निवारा काहीशे मीटरवर होता आणि वादळाचा अंदाज आधीच आलेला होता.

गाडलं गेलेल्याला वाचवतो तो बरोबरचा माणूस, हेलिकॉप्टर नव्हे. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासानंतर तिघांतला एखादाच. म्हणून बीकन (गाडलेल्याला शोधायला संकेत देणारं-घेणारं छोटं यंत्र), लांब शोधसळई आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि हात बसलेला हवा. बीकनच्या सरावाला बर्फ लागत नाही. एक पिशवीत घालून मैदानात लपवा, दुसऱ्याने शोधा; हा सराव हैदराबादेत कुठल्याही रविवारी सकाळी होतो. आम्ही आता तो केल्याशिवाय कुणालाच बरोबर नेत नाही. मुळात स्की शिकायची असेल तर आधी औली किंवा गुलमर्गचा कोर्स करा, टूरिंग त्यानंतर.

आल्प्सला जायचं तर शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोंचा विमा घ्यावाच लागतो, पण आखलेल्या उताराबाहेरची स्की अनेक पॉलिसींमधून वगळलेली असते. ते कलम स्वतः वाचा. काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. आणि निघण्याआधी घरी कागदावर लिहून ठेवा: गाईडचं नाव आणि नंबर, कुठल्या बाजूच्या उतारावर जाणार, आणि किती वाजेपर्यंत आपला फोन आला नाही तर घरच्यांनी कुणाला कळवायचं.